दुसऱ्याच्या जिभेचं

अक्का ‘अंडं’ हा शब्द तोंडातून काढत नसत. ‘पांढरं’ म्हणत. पहिल्याच सकाळी खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, “औंधकर, तुमची किती पांढरी?” मला वाटलं, चादरी धुवायला मागतायत. मी म्हणालो, “दोन.” थोड्या वेळानं त्या दोन अंडी घेऊन आल्या. एकेक कानाशी धरून हलवून पाहिलं, अंबाड्यात खोवलेली पेन्सिल काढली आणि विचारलं, “बेड नंबर?”

“एकवीस.”

दोन्ही अंड्यांवर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘औंध, २१’. मग म्हणाल्या, “आता सांगा. तुमच्याकडं कसं करतात?”

मिरजेत दवाखान्यांच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढं त्या स्वतः राहत आणि मागच्या तीन खोल्या पेशंटच्या माणसांना देत. औंधजवळच्या आमच्या गावातून आबांना आतड्याच्या ऑपरेशनसाठी तिथं आणलं, तेव्हा दवाखान्यातल्याच एका मावशीनं मला ही जागा सांगितली. “खोली बारकी हाय, पण अक्का हायत,” एवढंच म्हणाली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

अक्का लिंगायत. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, कपाळाला भस्म. आतल्या स्वयंपाकघरात कांदालसूणसुद्धा सोमवारी वर्ज्य. आयुष्यात त्यांनी अंडं कधी जिभेवर ठेवलं नव्हतं. आणि हीच बाई परसात, पत्र्याच्या आडोशाला, एका बर्नरच्या शेगडीवर रोज सकाळी सात वाजता सगळ्या खोल्यांच्या पेशंटसाठी अंडी करायची. तिथली भांडी वेगळी. एक बिडाचा तवा, दोन जर्मनची पातेली, एक उलथनं. सगळ्यांच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका, चुकून आत जाऊ नयेत म्हणून. साडी गुडघ्यापर्यंत खोचायच्या, पदर नाकावरनं घट्ट बांधायच्या आणि बसायच्या. आठ वाजता सगळं आटपून अंगावरून गरम पाणी घ्यायचं, मग पूजा, मग स्वतःची भाकरी. यात कधी खंड नाही.

मी शिरवळला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मोजमाप करणं हेच माझं काम. पण अक्कांची मापं बघून मी गप्प झालो. त्यांना अंड्याचा वास नको, चव तर नाहीच. राहिले कान, डोळे आणि बोटं. तेवढ्यावर सगळं. भुर्जीचा आवाज ओला आहे की कोरडा यावरनं त्या शेगडी बंद करायच्या. उकडलेलं अंडं फरशीवर गरकन फिरवून बोटानं थांबवायच्या आणि बोट उचलल्यावर ते परत किती फिरतंय हे बघून सांगायच्या, “आत अजून मऊ हाय. ह्यांच्या म्हातारीला असंच लागतंय.” अंडं फोडलं की ते खरंच तसंच निघायचं. मी सात दिवस लक्ष ठेवून होतो. एकदासुद्धा चुकलं नाही.

एकदा मी म्हणालो, “अक्का, मी चाखून सांगू का?”

त्यांनी उलथनं माझ्याकडं रोखलं. “चाखायचं न्हाई! चाखलासा की ते तुमच्या जिभेचं होतंय. आपल्याला पेशंटच्या जिभेचं करायचं हाय.”

म्हणूनच त्यांचा तो प्रश्न, “तुमच्याकडं कसं करतात?” नवीन माणूस आला की आधी हाच. आणि नुसतं ‘भुर्जी’ म्हटलेलं चालायचं नाही. कांदा उभा की बारीक? मिरची वाटून की मोडून? कोथिंबीर आधी की नंतर? माणूस अडखळला की म्हणायच्या, “लावा फोन घरला.” मग परसातल्या धुण्याच्या दगडावर मोबाइल ठेवून, स्पीकर लावून, त्या कुठल्या तरी गावातल्या न पाहिलेल्या बाईशी बोलत बसायच्या. जतकडची एक बाई शेपूच्या भाजीत अंडं फोडायची. विट्याच्या एका घरात भाकरी टम्म फुगली की तिला चीर पाडून आत फेटलेलं अंडं ओतायचे आणि परत भाजायचे. अथणीच्या माणसांशी तर अक्का कानडीतच सुरू व्हायच्या, “हौद री, हौद री” असं होला हो म्हणत. त्यांच्यात अंडी उकडून, चिरा पाडून, सुक्या खोबऱ्याच्या वाटणात मुरवत. पलूसचा एक ऊसवाला, धिप्पाड माणूस, फोनवर आईला विचारता विचारता रडायला लागला. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. अक्कांनी त्याला रडू दिलं आणि फोन आपल्याकडं ओढून घेतला. “आवं आत्ती, रडूदे त्याला. तुमी मला सांगा, हळद किती?”

हे सगळं त्यांच्या डोक्यात. वही नाही, चिठ्ठी नाही. वर्षापूर्वी येऊन गेलेला माणूस तपासणीला परत आला तर त्या म्हणायच्या, “तुमचं कांद्याची पात घालून. बरोबर?” आणि तो माणूस आपल्याच घरात आल्यासारखा हसायचा.

डब्यात भुर्जी नाहीतर आमलेटसारखा पोळा भरला की हुकूम सुटायचा, “पळा! पोळा वाट बघत न्हाई.” त्यांच्यासाठी आम्ही मोठी माणसं गल्लीतून डबे घेऊन खरोखर पळायचो. आणि परत येताना एकच नियम होता. डबा धुवायचा नाही. उष्टा डबा जसाच्या तसा अक्कांपुढं ठेवायचा. त्या तो उघडून, तिरपा करून, उजेडात बघायच्या. “आधी पांढरं खाल्लं, पिवळं ठेवलं. घशाला कोरडं लागतंय. उद्या पिवळं मऊ ठेवू.” किंवा, “कडंकडंनं खाल्लंय. तोंड आलंय त्यांचं. डॉक्टरला सांगा.” पलूसच्या बायकोचं तोंड खरोखरच आलं होतं. डॉक्टरांना ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या आबांचं मात्र काही जमेना.

आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मग पंचवीस वर्षं शेती. बोलणं कमी. आईनं ताटात वाढलेलं त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही आणि कधी वाईटही नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तर जेवणावरचं लक्षच उडालं होतं. ऑपरेशन नीट झालं, नळ्या निघाल्या, पण आबा खाईनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, “पोटात काही गेलं नाही तर जखम भरणार कशी? टाके ओले राहिलेत. अंडं द्या, मऊ काहीही द्या, पण द्या. नाहीतर परत उघडावं लागेल.” परत उघडणं त्यांच्या अंगाला झेपणार नाही, हे त्यांनी शब्दात सांगितलं नाही. पण मला कळलं.

मी अक्कांना आईची पद्धत सांगितली. बारीक कांदा, किंचित हळद, पोळा जाड, कडेला तेल सोडून सोनेरी केलेला. आमच्या घरात रविवारी सकाळी तोच व्हायचा. अक्कांनी तिखट वगळून तो तंतोतंत केला. मला तर तो बघूनच आईची आठवण आली. आबांनी दोन घास खाल्ले. म्हणजे मला तसं वाटलं.

अक्कांनी डबा बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “खाल्लं न्हाई त्यांनी. मोडून इकडचं तिकडं केलंय. तुमच्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अक्का आठऐवजी साडेसातलाच अंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून माझ्या दारात आल्या. “चला. मला त्यांच्याकडं न्या.”

त्या दवाखान्यात कधी जात नसत, हे मला नंतर शेजारच्यांकडून कळलं. नवऱ्याच्या वेळी पाय ठेवला होता, त्यानंतर नाही. त्या दिवशी त्या वॉर्डात आल्या, आबांच्या खाटेजवळचं स्टूल ओढून भिंतीच्या बाजूला नेलं, म्हणजे बरोबर आबांच्या तोंडापुढं, आणि बसल्या.

“हवालदार, मी अक्का. तुमचं पांढरं मी करतीया.”

आबा म्हणाले, “मला काय नगं.”

“नगं तर नगं. खाऊ नका. नुसतं सांगा. तुमच्याकडं कसं करतात?”

“पोरानं सांगितलंय की.”

“त्यांनी त्यांचं सांगितलं. तुमचं कुटं सांगितलं?”

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ते वाक्य मला चटकन लागलं. आबा उताणे झाले आणि छताकडं बघत बोलायला लागले.

“मिलिट्रीत बादलीभर उकडायची. ते काय खानं न्हवं. बारका असताना... आमची कोंबडी हुती. अंडी आई बाजारला न्यायची. आई रानात गेली की थोरली बहीण त्यातलं एक लपवायची. वल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या राखंत घालायची. भाजलं की उंबऱ्यावर आपटून फोडायची आन् निम्मं मला, निम्मं तिला.”

“मग?”

“मग काय. तिचं लगीन झालं. पहिल्याच बाळंतपनात गेली. त्यानंतर तसलं कुनी केलं न्हाई. मी बी कुनाला सांगितलं न्हाई.”

मला आत्या होती हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चौतीस वर्षांचा मी.

अक्का उठल्या आणि थेट घरी आल्या. परसाच्या कोपऱ्यात एक जुनी मातीची चूल होती, कित्येक दिवसांत न पेटलेली. ती त्यांनी लिंपली. मला जाळायला तुरकाट्या, तुरीची वाळलेली काटकं, आणायला पिटाळलं. पहिलं अंडं त्यांनी निखाऱ्याजवळ ठेवलं, ते फाट्‌कन फुटलं आणि राख सगळ्यांच्या तोंडावर उडाली. दुसरं आतून कच्चं निघालं. अक्का चिडल्या नाहीत. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी निखारे बाजूला सारले, नुसती गरम राख पसरली, फडकं दोनदा भिजवून पिळलं आणि राखेत अंडं पुरून तिच्यावर तळहात धरून बसल्या. हात धरवेना झाला की राख हलवायची, परत धरायचा. फडक्याची कड तांबूस झाली तसं त्यांनी अंडं बाहेर काढलं, गालाला लावून बघितलं, फडक्यासकट डब्यात घातलं आणि डबा माझ्या हातात दिला. “फोडू नका. त्यांना फोडूद्या.”

मी पळालो.

आबांनी ते फडकं सोडलं. काळपट डागांचं ते गरम अंडं दोन्ही हातात धरून थोडा वेळ बसले. मग खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटून फोडलं. पांढरा भाग जरा पिवळसर झालेला, धुराचा वास. त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक सावकाश खाल्ला, चघळत, डोळे मिटून. दुसरा माझ्यापुढं धरला.

“आबा, तुम्हीच खा. डॉक्टर म्हणाले...”

“निम्मं तुझं,” आबा म्हणाले.

मी खाल्लं. त्यांच्यापुढं रडायला नको म्हणून टरफलं गोळा करत बसलो.

त्या संध्याकाळी अक्कांनी डबा उघडला, आत टरफलांशिवाय काही नव्हतं. त्या “हं” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या चार अंड्यांवर पेन्सिलीनं ‘औंध, २१’ लिहून ठेवलं. आबा खायला लागले ते लागलेच. आधी राखेतलं, मग उकडलेलं, मग आईचा पोळासुद्धा. टाके सुकले. त्यानंतर दहाव्या दिवशी सुट्टी झाली. बाहेर पडल्यावर आबा म्हणाले, “गाडी उद्या बोलाव. आज त्या बाईच्या घरी जायाचं हाय.”

मला वाटलं, आभार मानायचे असतील. आबा काठी टेकत परसात आले, धुण्याच्या दगडावर बसले आणि म्हणाले, “अक्का, मीठ कमी आसतंय.”

मी हादरलोच. पण अक्कांच्या तोंडावर असं काही उजाडलं की काय सांगू. त्या पुढं आल्या. “कमी? किती कमी? कशात? राखंतल्यात का पोळ्यात?”

“सगळ्यात. निमपट.”

“यव्वा! इतक्या वर्सात एक माणूस खरं बोलला! सगळी म्हणतात, अक्का, लय भारी, अक्का, तुमच्या हाताला चव हाय. मला कसं कळणार, हाय का न्हाई? डब्यात बाकी सगळं दिसतंय. मीठ दिसत न्हाई.”

त्यांनी मिठाची बरणी आणली. आबांनी चिमटी भरून दाखवली, अक्कांनी आपली भरून शेजारी धरली. त्यांची खरंच निम्मी होती. आबांनी विचारलं, “ही चिमूट कुनाकडनं शिकला?”

तेव्हा अक्कांनी ते सांगितलं. मी इतके दिवस विचारायला धजलो नव्हतो.

त्यांचे मालक रेल्वेत कारकून होते. छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी रोज अंडं खायला सांगितलं. घरात सासू, देवघर, सोवळं. नवऱ्याला मागायची लाज आणि बायकोला न देण्याची भीती. मग अक्का रोज सकाळी अंघोळीच्या बंबात अंडं कापडात बांधून सोडायच्या. पाणी तापायचं, अंडं उकडायचं, मालक न्हाणीघरातच खायचे. वर्षभर चाललं. एक दिवस सासूला राखेत टरफल सापडलं. तीन दिवस तिनं अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी अक्कांनी परसात पत्रा उभा केला, वेगळी शेगडी मांडली आणि सासूला म्हणाल्या, “आत्ती, मी आत काय आणत न्हाई. पण बाहेर करणार.” त्यानंतर मालक बावीस वर्षं जगले. ते गेल्यावर महिन्याभरानं, एका सकाळी, सवयीनं अक्कांच्या हातून अंडं उकडून झालं. ते हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, तर समोरच्या पायरीवर एक बाई बसली होती. तिचा पेशंट काही खात नव्हता. तिथून हे सुरू झालं.

“मापं सगळी मालकांचीच,” अक्का म्हणाल्या. आणि बोलता बोलता थांबल्या. आपल्या चिमटीकडं बघितलं. मग आबांच्या.

“म्हणजे बावीस वर्सं... त्यांना बी मी आळणीच घातलं?”

त्यांनी चिमटीतलं मीठ परत बरणीत टाकलं.

“एकदा बी म्हणाले न्हाईत ओ. एकदा बी. का म्हणाले नसतील?”

आबा काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत होते. “आवं, बायको एवढी घराशी लढून ताटात आनून देतीया. तिला मीठ कमी हाय म्हणायचं? कुठल्या तोंडानं म्हणायचं?”

अक्का आत गेल्या. संध्याकाळी दिवा लावायला तेवढ्या बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शेगडी पेटली नाही. खोल्यांतली माणसं डबे घेऊन परसात उभी. पलूसचा ऊसवाला माझ्या कानात म्हणाला, “काय झालं, बरं न्हाई काय अक्कांना?” अक्का मागच्या दारात बसून होत्या. पेन्सिल अंबाड्यात नव्हती. “माझं काय खरं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला कळतच न्हाई तर मी कशाला करू? तुमी हॉटेलातनं आणा.”

मला आबांचा भयंकर राग आला. काय गरज होती बोलायची? आबा तेवढ्यात खोलीतून आले. एका हातात काठी, एका हातात मिठाची बरणी.

“अक्का, उठा,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण तो हवालदाराचा होता. “ही मानसं हुबी हायत. पेशंट उपाशी हायत. मालकांचं कसं करत हुता, ते करा आदी. आज मी खातो.”

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. मग उठल्या. मालकांचं म्हणजे अर्धं उकडलेलं, टोक उडवून, पिवळं पातळ, वर मीठ आणि मिऱ्याची पूड. आबांना पातळ पिवळं अंडं बघवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लष्करात एकदा तसलं खाऊन त्यांना ओकारी आली होती. अक्कांनी आबांच्या मापाची, नव्हे, त्याहून जरा भरून चिमूट घेतली, टाकली आणि वाटी त्यांच्यापुढं धरली.

आबांनी चमच्यानं सगळं खाल्लं. तळापर्यंत. तोंडाची एक रेघ हलली नाही. वाटी खाली ठेवली.

“आता बरोबर हाय,” ते म्हणाले.

अक्कांनी पदर नाकावरनं बांधला आणि शेगडीकडं वळल्या. “ए पलूस, डबा! काय बघत हुबारलायसा?”

आम्ही निघालो तेव्हा त्या परसातच होत्या, निरोप घ्यायलाही बाहेर आल्या नाहीत. कामात होत्या. गाडी मिरजेच्या बाहेर पडली, आबांनी पाण्याची बाटली मागितली आणि एका दमात निम्मी संपवली.

“आबा, कसं होतं हो?”

“खारट. लय खारट.”

“मग सांगितलं का नाही?”

“आज न्हाई सांगायचं,” आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. “एक दिवस खारट खाल्लं तर कोन मरत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याची पाळी होती. मी मळ्यातून परत आलो तर आबा ओट्यावर बसले होते. माझा फोन कानाला लावलेला. ज्या माणसानं आयुष्यभर फोनवर ‘हां’ आणि ‘ठेवतो’ याच्यापलीकडं बोलणं केलं नाही, तो माणूस दोन बोटांची चिमूट हवेत धरून सांगत होता, “तसं न्हाई... आवं, ऐका तर... हां, कालचं जरा वर गेलं हुतं. एवढं कमी करा. एवढं.”

फोनमधून अक्कांचं हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं. त्या काहीतरी विचारत होत्या. आबांनी चिमूट आणखी थोडी मिटली, तिच्याकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, “व्हय. आता एवढं.”